क्लचची ढिलाई : ठेवायची कोणती, काढायची कोणती?

चिपळूणजवळच्या एका गावातले घर. नातीचे लग्न ठरलेले. मुलगा कराडचा, कार्यालयही कराडचेच. रुखवताचे सामान कशातून न्यायचे, असा विषय निघाला तेव्हा आजोबा, म्हणजे घरातले आप्पा, पटकन म्हणाले, "आपली पिकअप आहे की!"

घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिले. पिकअप होती हे खरे. आप्पांच्या वडिलांनी साठच्या दशकात सरकारी लिलावात घेतलेली ती जीप-पिकअप. तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, गवताचे भारे वाहिले, पावसाळ्यात आजारी माणसांना तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवले. पण आता ती दसऱ्याला झेंडूचा हार घालण्यापुरती आणि फार तर बाजारापर्यंत जाऊन येण्यापुरती उरली होती. त्यातच वर्षभर क्लच त्रास देत होता. आधी गिअर टाकताना कर्रर्र आवाज यायचा. गावातल्या गॅरेजवाल्याने केबल आवळून दिली आणि गाडी महिनाभर गुण्यागोविंदाने चालली. मग नवीनच दुखणे सुरू झाले. चढावर इंजिन ओरडायचे, गाडी मात्र पुढे सरकायची नाही आणि जळका वास यायचा. "क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल," गॅरेजवाल्याने सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून आप्पांचे चिरंजीव म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात देऊ या."

कराडला जायचे तर मध्ये कुंभार्ली घाट. अशा गाडीत सामान आणि माणसे घालून घाट चढण्याचा विचारही करवत नव्हता. तरीही आप्पांनी एक शेवटचा उपाय म्हणून एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींनी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. "वहिनी, तुम्ही आत बसा आणि सांगेन तेव्हा क्लचचे पेडल हळूहळू दाबा," असे त्यांनी आप्पांच्या सूनबाईंना सांगितले आणि स्वतः गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते हात पुसतच म्हणाले, "आप्पा, क्लचमध्ये दोन तऱ्हेची ढिलाई असते. एक ठेवायची असते, दुसरी काढायची असते. तुमच्या गाडीत ठेवायची ती काढलीय आणि काढायची ती तशीच आहे."

जुन्या गाडीचा क्लच समजून घ्यायला एवढे एक वाक्य पुरेसे आहे. बाकीचा सारा त्याचाच विस्तार.

पेडलपासून प्लेटपर्यंत

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने १९४१ पासून सैन्यासाठी ती मोठ्या संख्येने बनवली. युद्ध संपल्यावर त्याच घराण्यातली पिकअप आली आणि ती अमेरिकेत १९४७ ते १९६५ या काळात तयार होत होती. भारतात महिंद्र कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी सुरू केली. पुढे या गाड्या आणि त्यांच्यापासून निघालेली वाहने देशभर पसरली. राजस्थानच्या वाळूपासून आसामच्या मळ्यांपर्यंत आजही अशा जुन्या गाड्या कुणाच्या ना कुणाच्या गोठ्याशेजारी उभ्या दिसतात.

आजच्या बहुतेक मोटारींत क्लच तेलाच्या दाबावर किंवा आवरणात बसवलेल्या तारेवर चालतो. या जुन्या गाड्यांत मात्र पायाचा जोर पूर्णपणे लोखंडी दांड्या, पिना आणि केबल यांच्यामार्फत पोहोचतो. या साखळीलाच लिंकेज म्हणतात.

तिची रचना अगदी सरळ आहे. क्लचचे पेडल गाडीच्या तळाखाली चॅसिसला धरलेल्या एका शाफ्टवर फिरते. पेडलपासून एक छोटी दांडी निघते आणि ती एका आडव्या नळीच्या तरफेला जोडलेली असते. या नळीला क्रॉस शाफ्ट म्हणतात. नळीचे एक टोक चॅसिसवरच्या गोल बोंडावर आणि दुसरे इंजिनाच्या मागच्या बेल हाउसिंगवरच्या तशाच बोंडावर टेकलेले असते. नळी फिरली की तिची दुसरी तरफ केबलला ओढते, केबल क्लचच्या फोर्कला ओढते आणि फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. बेअरिंग प्रेशर प्लेटची तीन बोटे दाबते. बोटे दबली की क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध सुटतो. पाय काढला की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला पुन्हा फ्लायव्हीलवर दाबून धरतात आणि गाडी चालू लागते.

ठेवायची ढिलाई

पाय पेडलवर नसताना रिलीज बेअरिंग आणि ती तीन बोटे यांच्यात थोडी फट असावीच लागते. ही फट साधारण दीड मिलिमीटरची. तरफांमुळे तीच फट पेडलवर मोठी होऊन जाणवते. पेडल हाताने दाबले तर सुरुवातीला ते साधारण पाऊण ते एक इंच, म्हणजे २० ते २५ मि.मी., अगदी हलके जाते आणि मग एकदम जड लागते. या हलक्या भागाला मिस्त्री लोक 'फ्री प्ले' म्हणतात. मराठीत तिला मोकळी चाल म्हणता येईल. नेमके माप गाडीच्या मॉडेलप्रमाणे थोडे बदलते. माहितीपुस्तक मिळाले तर त्यातलेच धरावे.

मोकळी चाल नसेल तर बेअरिंग सतत बोटांवर घासत राहते. म्हणजे चालकाने पाय उचलला तरी कुणीतरी पेडल थोडे दाबूनच धरले आहे, अशी गाडीची अवस्था होते. प्लेट पूर्ण जोराने पकडत नाही, घसरते, तापते आणि लवकर जळते. बेअरिंगही आवाज करू लागते.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. क्लच प्लेट झिजली की पेडल ढिले होईल असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या बोटांची आतली टोके बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. फट कमी होते. म्हणून प्लेट झिजेल तशी मोकळी चाल घटत जाते आणि ती पूर्ववत करायला केबल आवळायची नसते, सैल करायची असते.

यातून गाडीमालकाला एक सोपी खूण मिळते. मोकळी चाल हळूहळू कमी होत असेल तर प्लेट झिजते आहे. ती वाढत असेल तर जोडणी झिजते आहे. दर महिन्याला फूटपट्टी लावून माप वहीत लिहून ठेवले तर गॅरेजवाल्याच्या आधी वहीच निदान सांगते.

काढायची ढिलाई

दुसरी ढिलाई झिजेची. दांडीच्या टोकांतल्या पिना झिजतात आणि त्यांची गोल भोके लांबट होतात. क्रॉस शाफ्टची टोके ज्या बोंडांवर टेकतात तिथले ग्रीस वाळते, माती शिरते, आतली स्प्रिंग आणि नमद्याची चकती निकामी होते. मग नळी फिरण्याऐवजी आधी जागच्या जागी डुलते. पेडलच्या शाफ्टचा बुश झिजला तर पेडल दाबताना बाजूला कलते. फोर्कच्या टोकाशी हरवलेला एकच मिलिमीटर भरून काढायला पेडल कितीतरी अधिक दाबावे लागते. पेडलचा एकूण पल्ला तर ठरलेला, कारण खाली फळी आहे. त्यामुळे पेडल फळीला टेकले तरी प्लेट पूर्ण सुटत नाही.

याच जातीतले एक कारण तर लिंकेजच्या बाहेरचे आहे आणि म्हणून ते हमखास नजरेतून सुटते. इंजिन पुढच्या बाजूला रबरी फाउंडेशनवर बसलेले असते. फोर्क ओढला गेला की त्या ओढीने इंजिनही पुढे सरकू पाहते. ते सरकू नये म्हणून अनेक जुन्या जीपमध्ये इंजिनाच्या मागच्या भागापासून चॅसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत एक जाड तार लावलेली असते. तिला स्टे केबल म्हणतात. ही तार ढिली झाली, तुटली किंवा पूर्वीच्या दुरुस्तीत कुणी काढूनच टाकली, आणि जोडीला रबर पिचले, तर पेडलवरच्या जोराचा काही भाग इंजिन हलवण्यातच खर्च होतो. क्लच सोडतानाही इंजिन मागे-पुढे झुलते आणि गाडी थरथरत उठते.

आप्पांच्या गाडीत हेच झाले होते. स्टे केबलचे नट सुटत आले होते, पिनांची भोके लांबट झाली होती आणि क्रॉस शाफ्टला ग्रीस लागून किती वर्षे झाली ते आप्पांनाही आठवत नव्हते. त्यामुळे प्लेट पूर्ण सुटत नव्हती आणि गिअर कर्रर्र करत होते. गॅरेजवाल्याने हरवलेली चाल कुठे जाते ते न शोधता केबल आखूड केली. गिअर पडू लागले, कारण पेडलची सारी मोकळी चाल त्याने खर्चून टाकली होती. बेअरिंग बोटांना टेकले आणि महिन्याभरात क्लच घसरू लागला. एक दुखणे दाबायला दुसरे विकत घेतले गेले.

लक्षणांवरून निदान

चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा वेग वाढतो, गाडीचा वाढत नाही : क्लच घसरतो आहे. आधी मोकळी चाल तपासावी. ती ठीक असेल तर प्लेट झिजली आहे किंवा तिच्यावर तेल पडले आहे. बेल हाउसिंगच्या तळातून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर संशय बळावतो.

पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर कर्रर्र करतो किंवा गाडी पुढे सरकू पाहते : क्लच पूर्ण सुटत नाही. मोकळी चाल जास्त असेल, जोडणी झिजली असेल किंवा इंजिन सरकत असेल.

गाडी उठताना थरथरते : स्टे केबल, इंजिनाचे फाउंडेशन आणि प्लेटवरचे तेल, या क्रमाने पाहावे.

पेडल हलके दाबल्यावर घरघर सुरू होते : रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेले असताना घरघर होते आणि दाबल्यावर थांबते : बहुधा गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग. त्याचा लिंकेजशी संबंध नाही.

पेडल जड लागते किंवा आपोआप वर येत नाही : कोरडा पडलेला पेडल शाफ्ट किंवा तुटलेली रिटर्न स्प्रिंग.

एका गोष्टीत मात्र क्लचला उगाच दोष देऊ नये. या जुन्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रोची सोय नसते. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकला तर आवाज येणारच. परीक्षा घ्यायची ती गाडी पूर्ण उभी करून.

दोन माणसांची तपासणी

हे काम एकट्याने होत नाही. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने पाहायचे. घरातले कुणीही मदतीला चालते, फक्त सांगितल्याशिवाय पेडल हलवायचे नाही एवढे आधी पक्के ठरवावे.

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढून चारही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची अर्थची तार काढून ठेवावी, म्हणजे चुकूनही स्टार्टर लागणार नाही. या गाड्या उंच असल्याने बहुधा जॅक न लावताही खाली शिरता येते. गाडी उचलावीच लागली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये, पक्क्या लोखंडी घोड्या लावाव्यात. पेडल हलत असताना बोटे लिंकेजपासून दूर ठेवावीत.

बेल हाउसिंगच्या आसपासची काळी धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

आता पेडल अगदी सावकाश दाबायला सांगावे आणि पेडलपासून फोर्कपर्यंत क्रमाने पाहत जावे. पेडल हलले की दांडी लगेच हलते का? दांडी हलली की नळी लगेच फिरते, की आधी डुलते? नळी फिरली की केबल लगेच ताणते का? केबलची तार कुठे उसवली आहे का? फोर्क सरळ येतो की तिरका? आणि शेवटी, पेडल तळाला जात असताना इंजिन आणि बेल हाउसिंग जागच्या जागी आहेत ना? जिथे आधीचा भाग हलतो आणि पुढचा थांबून राहतो, तिथे चाल हरवते. ती जागा खडूने खूण करून ठेवावी.

मग पेडल सोडायला सांगून फोर्कचे बाहेरचे टोक हाताने हलवून पाहावे. थोडी मोकळीक जाणवली पाहिजे. पेडलवर ढिलाई आहे पण फोर्क हलतच नाही, असे असेल तर एखादा सांधा गंजून अडकला आहे किंवा बेअरिंग मागे येत नाही. अशा वेळी पेडलवरचे माप फसवे असते.

आधी दुरुस्ती, मग ॲडजस्टमेंट

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी केबलला हातच लावला नाही. त्यांनी रिटर्न स्प्रिंग उतरवली, पिना काढल्या आणि क्रॉस शाफ्ट सोडवला. लांबट झालेल्या भोकांत लेथवाल्याकडून बुश बसवून घेतले आणि मापाच्या नव्या पिना करून घेतल्या. क्रॉस शाफ्टची टोके रॉकेलने धुऊन नवी स्प्रिंग आणि चकत्या घातल्या, निपलमधून जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे ग्रीस भरले. पेडल शाफ्टलाही ग्रीस दिले. स्टे केबलचे नट तार नुसती ताठ होईल इतकेच आवळले, कारण ती फाजील ओढली तर इंजिनच मागे खेचले जाते. प्रत्येक पिनेला नवी स्प्लिट पिन घातली. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये. ती तुटून पिन गळाली तर क्लच भर रस्त्यात निकामी होतो.

यानंतरच केबलची पाळी आली. केबलच्या टोकाला आटे असतात, ते एका योकमध्ये फिरतात आणि चेकनटने जखडलेले असतात. ॲडजस्टमेंट अशी करावी :

१. पेडलशेजारी फूटपट्टी उभी धरून पेडलची वरची जागा टिपावी. पेडल हाताने दाबत न्यावे, पायाने नव्हे. पायाला हलका आणि जड यातला फरक नीट कळत नाही. जड लागले तिथली जागा टिपावी. दोन्हींतले अंतर म्हणजे मोकळी चाल.

२. केबल पान्याने धरून चेकनट सैल करावा. केबलला पीळ बसू देऊ नये.

३. मोकळी चाल कमी असेल तर केबल योकमधून थोडी बाहेर घ्यावी, म्हणजे ती लांब होते. मोकळी चाल जास्त असेल तर आत घ्यावी. एका वेळी एकच फेरा द्यावा आणि पुन्हा मोजावे.

४. माप बसले की चेकनट आवळावा आणि परत एकदा मोजावे. चेकनट आवळताना माप हटकून बदलते.

५. योकमध्ये पुरेसे आटे शिल्लक आहेत ना, ते पाहावे. केबल सुरक्षितपणे जेवढी लांब होऊ शकते तेवढी केली तरी मोकळी चाल मिळत नसेल तर प्लेट संपली आहे. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

आप्पांच्या गाडीत केबल सैल करून एक इंच मोकळी चाल मिळाली, तेव्हा आटे निम्मे शिल्लक होते. "प्लेटचे नक्की काय उरलेय ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही," मिस्त्री म्हणाले, "पण आटे सांगतात, ती अजून आहे. चढावर बघू."

चालवून पाहताना

बॅटरीची तार जोडून, ठोकळे काढून गाडी मोकळ्या मैदानात न्यावी. समोर माणूस किंवा जनावर नसावे. इंजिन मंद चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, मनात दहा आकडे मोजावेत आणि रिव्हर्स गिअर टाकावा. आवाज न करता पडला तर क्लच सुटतो आहे. मग एखाद्या साध्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाच्या आवाजाबरोबर गाडीचा वेगही वाढला तर क्लच पकडतो आहे. दोन्ही परीक्षा पास झाल्याशिवाय घाटाचे नाव काढू नये. घाटात क्लच घसरला तर गाडी चढत नाही. तो सुटेनासा झाला तर ऐन वळणावर खालचा गिअर पडत नाही आणि भरलेल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. शे-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर माप पुन्हा घ्यावे, कारण नव्या पिना आणि बुश सुरुवातीला थोडे बसतात.

एकदा जमलेला क्लच टिकवणे चालकाच्या पायात आहे. चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय अनेकांना असते. वर्षभर सांभाळलेली मोकळी चाल त्या पायाच्या वजनाने नाहीशी होते. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये, हँडब्रेक वापरावा. सिग्नलला किंवा फाटकापाशी थांबावे लागले तर न्यूट्रल करून पाय काढावा. आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर पंधरा दिवसांतून एकदा तरी पेडल दहा-वीस वेळा दाबून सांधे हलते ठेवावेत.

आप्पांच्या गाडीला मिस्त्रींनी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी ते स्वतः शेजारी बसले आणि सूनबाईंनी गाडी चालवली. आधी गावाबाहेरचा चढ झाला. मग रिकामी गाडी घाटाच्या पायथ्यापासून पहिल्या काही वळणांपर्यंत नेली आणि परत आणली. इंजिन ओरडले नाही, वास आला नाही, खालचे गिअर मुकाट पडले. तरीही मिस्त्रींनी एक अट घातली, "रुखवत न्या, पण पितळेची जड भांडी दुसऱ्या गाडीत घाला. म्हातारीला माप बघूनच ओझं द्यावं." चिरंजीवांनी ते मान्य केले. भंगाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

घरोघरच्या जुन्या गाड्या पुष्कळदा अशाच भंगारात जातात. आजार छोटा असतो, निदान मात्र घाईचे असते. क्लच घसरला म्हणून थेट प्लेट बदलण्याआधी किंवा गिअर वाजतो म्हणून केबल आवळण्याआधी दोन माणसे, एक फूटपट्टी आणि अर्धा तास एवढी गुंतवणूक करून पाहावी. हरवलेली चाल कुठे जाते ते आधी शोधावे, तिथली झीज काढावी आणि बेअरिंगजवळची ती दीड मिलिमीटरची फट मात्र जपून ठेवावी.